नाजूक कानांसाठी सोल संगीत : निवड कशी करावी

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्या बाईंची चिठ्ठी आली होती. त्यांच्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला आवाज सोसत नाहीत. मिक्सर लागला, कुकरची शिट्टी झाली की ती खोलीचं दार लावून घेते. पण गाण्यावाचून तिचं चालत नाही, आणि सध्या तिला अमेरिकन सोल संगीताची ओढ लागली आहे. बाईंनी विचारलं होतं, तिच्यासाठी हळुवार गाणी निवडायची कशी? प्रश्न साधा वाटला. उत्तर द्यायला बसलो तेव्हा लक्षात आलं की यात तत्त्वज्ञानातले दोन-तीन जुने प्रश्न दडलेले आहेत, आणि आमची स्वतःची एक चूकही. म्हणून आजचा तास त्यालाच द्यायचं ठरवलं.

आधी शब्दाचा गोंधळ मिटवू. आपल्याकडे 'सोलफुल' हे विशेषण हल्ली कुठल्याही संथ गाण्याला चिकटवतात. 'सोल म्युझिक' म्हटलं की कुणाला ध्यानाचं संगीत आठवतं, बासरी आणि मागे पाण्याची खळखळ. आपण त्याबद्दल बोलत नाही आहोत. सोल म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजाने १९५० आणि ६० च्या दशकांत घडवलेलं गाणं. चर्चमधलं गॉस्पेल आणि बाहेरचं रिदम अँड ब्लूज यांचा तो संगम. रे चार्ल्सने १९५४ साली गॉस्पेलच्या वळणावर सरळ ऐहिक प्रेमाचं गाणं बसवलं. सॅम कुक 'सोल स्टरर्स' हा नावाजलेला गॉस्पेल गट सोडून १९५७ मध्ये 'यू सेंड मी' घेऊन बाहेर पडला. ही वंशावळ उगाच सांगत नाही, पुढे तिचं काम आहे.

आता आमची चूक. आमचा नातू स्वमग्न आहे. ही गोष्ट घडली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. संध्याकाळी आमच्या खोलीत येऊन टेबलाखाली बसायचा आणि आम्ही लावलेली गाणी ऐकायचा. बिल विदर्सचं 'एंट नो सनशाइन' लावलं की बसल्या जागी डोलायचा. त्यामुळे आमची हिंमत वाढली. एके दिवशी आम्ही ओटिस रेडिंगचं 'ट्राय अ लिटल टेंडरनेस' लावलं. १९६६ चं ध्वनिमुद्रण, मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीचं. नावातच कोवळीक मागितलेली. सुरुवात तर अशी की पितळी वाद्यं कुजबुजल्यासारखी वाजतात आणि रेडिंग जवळ बसून समजूत घातल्यासारखा गातो. मग ड्रमच्या कडेवर काठीची टिकटिक सुरू होते. घड्याळासारखी, अगदी बारीक. आम्हाला ती फार गोड वाटते. नातवाने मात्र तेव्हाच डोकं वर केलं होतं. आम्ही पाहिलं आणि दुर्लक्ष केलं. निम्मं गाणं सरल्यावर ड्रम, ऑर्गन, ट्रंपेट सगळे मिळून उसळतात आणि रेडिंग शब्द तोडून तोडून ओरडायला लागतो. ज्यांनी ऐकलंय त्यांना माहीत आहे, काय बहारीचा शेवट आहे तो! पोराने कान दाबले, टेबलाच्या पायावर डोकं आपटलं आणि न्हाणीघरात जाऊन कडी लावून घेतली. पुढे पंधरा दिवस तो आमच्या खोलीत आला नाही. उंबऱ्यापर्यंत यायचा, स्पीकरकडे बघायचा, आणि परत जायचा.

आम्ही त्याचा विचार बरेच दिवस केला. गाणं वाईट होतं का? छे. आवाज फार मोठा ठेवला होता का? नव्हता. मग चुकलं कुठे? चुकलं ते असं की आम्ही गाण्याचं नाव आणि पहिलं मिनिट पाहिलं, गाण्याची घडण पाहिली नाही. आणि सोलची घडणच मुळी हळू सुरू होऊन शिगेला पोचण्याची आहे. इथे ती वंशावळ उपयोगी पडते. गॉस्पेलच्या प्रार्थनेत उपदेशक साध्या बोलण्यातून सुरुवात करतो, हळूहळू बोलण्याचं गाणं होतं, मंडळी साद देऊ लागतात, टाळ्या पडतात आणि शेवटी सगळं सभागृह उठून उभं राहतं. कीर्तनात गजर टिपेला जातो तसंच काहीसं. हे वळण सोल गायकांच्या अंगात भिनलेलं होतं. त्यामुळे 'संथ सुरुवात' ही सोलमध्ये शांततेची हमी नसते. उलट ती पुष्कळदा वादळाची नांदी असते.

पण मग एक प्रश्न उरतो. हाच नातू स्टीलची ताटं एकमेकांवर आपटतो, तेव्हा आम्हाला कान झाकावे लागतात आणि तो खुशीत असतो. म्हणजे अडचण नुसत्या मोठ्या आवाजाची नाही. मग कशाची?

इथे हुसर्ल मदतीला येतो. १९०५ च्या सुमारास दिलेल्या व्याख्यानांत त्याने काळाच्या जाणिवेचा विचार करताना उदाहरण घेतलं ते सुरावटीचंच. आपण एका क्षणी एकच स्वर ऐकतो, तरी आपल्याला सुरावट ऐकू येते ती कशी? तर नुकताच विरलेला स्वर आपण धरून ठेवलेला असतो आणि येणाऱ्या स्वराकडे मन आधीच थोडं झुकलेलं असतं. आपल्या बैठकीत हे डोळ्यांनी दिसतं. सम यायच्या आधीच श्रोत्यांच्या माना तिच्याकडे निघालेल्या असतात. लिओनार्ड मायरने १९५६ च्या आपल्या ग्रंथात पुढचं पाऊल टाकलं. संगीतातली भावना, त्याच्या मते, या अपेक्षेला अडवण्यातून, लांबवण्यातून, चकवण्यातून उपजते. तुमच्या-आमच्यासाठी खरंच आहे ते. चकवलं गेलं की आपल्याला मौज वाटते. पण ज्याच्या मज्जासंस्थेला प्रत्येक चकवा महागात पडतो त्याचं काय? अचानक उठलेल्या आवाजाला शरीर दचकतं ते विचार करायच्या आतच. आपलं दचकणं क्षणात ओसरतं, काहींचं ओसरत नाही, साचत जातं. ताटं आपटताना पुढचा आवाज केव्हा येणार हे पोराला पक्कं ठाऊक असतं, कारण तो त्याच्याच हातात असतो. रेडिंगचा शेवट मात्र त्याच्यावर येऊन कोसळला.

म्हणून आमचं म्हणणं असं आहे की निवड करताना हळुवारपणाच्या आधी भरवशाचा विचार करावा. गाणं जिथे सुरू झालं तिथेच मुक्काम करतं का? जे वाढणार असेल ते पायरी-पायरीने वाढतं का? पुढे काय येणार ते गाणं आधी सांगतं का? या कसोटीवर मधल्या पट्टीतलं, ठोस ठेक्याचं गाणंसुद्धा पास होतं, आणि नावाजलेली हळवी गाणी नापास होतात.

ऐकणाऱ्याच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. आवाज न सोसणं म्हणजे नखरे, लाडावलेपण, असं मानणारे अजून पुष्कळ आहेत. २०१३ मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी निदानाची नवी नियमावली आणली, तीत संवेदनांना अति किंवा अत्यल्प प्रतिसाद देणं हे स्वमग्नतेच्या निकषांत प्रथमच नोंदलं गेलं. अर्धशिशीच्या कळा चालू असताना बहुतेकांना आवाज नकोसा होतो. काहींना हायपरअ‍ॅक्युसिस असतो, म्हणजे रोजचे साधे आवाजच असह्य होतात. आणि म्हातारपणाचं तर आम्ही अनुभवाने सांगतो. हळू बोललेलं ऐकू येत नाही म्हणून समोरचा जरा मोठ्याने बोलतो, तर ते एकदम ओरडल्यासारखं वाटतं. ऐकू येणं आणि टोचणं यांच्यामधली जागाच आक्रसलेली असते. तेव्हा हा विषय कुणा दुसऱ्यांचा, असं या सभागृहातल्या आमच्या वयाच्या मंडळींनी तरी समजू नये.

डेव्हिड ह्यूमच्या १७५७ च्या रुचीविषयक निबंधात एक गोष्ट आहे, डॉन किहोतेमधून घेतलेली. सांचोच्या दोन नातलगांना एका पिंपातली दारू चाखायला बोलावतात. एक म्हणतो, उत्तम आहे, फक्त किंचित चामड्याची चव लागते. दुसरा म्हणतो, उत्तम आहे, फक्त लोखंडाची चव लागते. सगळे दोघांनाही हसतात. पुढे पिंप रिकामं होतं, तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली जुनी किल्ली सापडते. ह्यूमला यातून रुचीचा नाजूकपणा दाखवायचा होता. आम्हाला त्या टेबलाखालच्या पोराचं वर झालेलं डोकं आठवतं. टिकटिक सुरू झाली तेव्हाच त्याला किल्ली लागली होती. फरक एवढाच की ह्यूमच्या मंडळींना नुसती चव लागली, याला वेदना झाली. म्हणून 'एवढंसं तर आहे, काय होतंय' हे वाक्य घरातून हद्दपार करावं. तो सांगतोय ते पिंपात असतंच.

तर सोलच्या पिंपातल्या किल्ल्या कोणत्या, ते बघू.

पहिली खंजिरी. डेट्रॉइटची मोटाउन कंपनी १९५९ मध्ये सुरू झाली. तिची गाणी मोटारीतल्या रेडिओवर, लहानशा स्पीकरवर उठून दिसावीत अशा बेताने तयार होत, आणि त्यात टॅम्बरीन, म्हणजे आपली घुंगरांची खंजिरी, भरपूर. बार्गेन बघा, लहान स्पीकरवर जे उठून दिसतं तेच नाजूक कानाला टोचतं. माणसाचा कान सर्व उंचीच्या स्वरांना सारखा जागा नसतो. फ्लेचर आणि मनसन यांनी १९३३ मध्ये ते आलेख काढून दाखवलं. सेकंदाला तीन-चार हजार कंपनांच्या आसपास तो सर्वांत तिखट ऐकतो. झांजा, खंजिरी, गायकाचा 'स', हे सगळं त्या पट्ट्यात आणि त्याच्या वर पसरलेलं असतं. गंमत म्हणजे आवाज कमी केला की खर्ज आधी हरवतो आणि ही चरचर मागे उरते. म्हणून नुसता आवाज कमी करणं हा उपाय अर्धाच आहे. बहुतेक फोनमध्ये आणि अ‍ॅपमध्ये इक्वलायझर असतो. त्यात वरचे स्वर जरा खाली ओढले तर पुष्कळ फरक पडतो.

दुसरी किल्ली एकाच वेळी अनेक आवाज. मार्विन गेचं १९७१ चं 'व्हॉट्स गोइंग ऑन' हे आमच्या मते त्या दशकातल्या थोर गाण्यांपैकी एक. चाल तर किती मऊ! पण ते सुरू होतं घोळक्यातल्या गप्पांनी (त्यात दोन फुटबॉल खेळाडूसुद्धा होते), आणि पुढे गेचेच दोन-दोन आवाज एकमेकांवर चढवलेले आहेत. ज्याला गर्दीतलं बोलणं वेगळं काढता येत नाही त्याला हे ऐकताना लग्नाच्या हॉलमध्ये उभं केल्यासारखं होतं.

तिसरी, आणि सर्वांत फसवी, शिट्टी. मिनी रिपर्टनचं 'लव्हिन' यू' हे १९७४ च्या 'परफेक्ट एंजल' या तबकडीतलं गाणं. अंगाईसारखं, तिच्या तान्ह्या लेकीसाठी केलेलं. ड्रम नाही, काही आपटणं नाही. गिटार, स्टीव्ही वंडरने वाजवलेला इलेक्ट्रिक पियानो, मागे पाखरांची किलबिल. कुणीही डोळे मिटून यादीत पहिलं घालील. पण मध्येच तिचा आवाज असा चढतो की गळ्यातून शिट्टी निघाल्यासारखं वाटतं. कुकरच्या शिट्टीला दार लावून घेणाऱ्या मुलीला हे न सांगता ऐकवू नये.

आता घ्यावं काय? आम्ही तरी मेम्फिसमधल्या विली मिचेलच्या दाराशी आधी जातो. जुन्या सिनेमा थिएटरात त्याचा रॉयल स्टुडिओ होता. अल ग्रीन त्याच्याकडे आला तेव्हा त्या काळच्या रिवाजाप्रमाणे जोर लावून गायचा. मिचेलने त्याला आवाज खाली आणायला लावलं. 'लेट्स स्टे टुगेदर' ऐका, १९७१ च्या अखेरीस आलेलं. ड्रम असे की कुणी उशीवर थाप मारतंय. पितळी वाद्यं सुरुवातीलाच येऊन आपण आहोत हे सांगून टाकतात, मागून येऊन दचकवत नाहीत. गाणं जिथे सुरू होतं जवळपास तिथेच संपतं. अल ग्रीन मधूनच एखादी बारीक किंकाळी फोडतो, तेवढी सांभाळायची.

मग बिल विदर्स. विमानांचे संडास बनवणाऱ्या कारखान्यात काम करता करता हा माणूस गायक झाला, आणि त्याच्या आवाजात ती कामगाराची सरळ चाल आहे. 'एंट नो सनशाइन' दोन मिनिटांहून थोडंसंच मोठं. त्यात मध्ये दोनच शब्द तो सव्वीस वेळा म्हणतो. समीक्षकांना तो धाडसी प्रयोग वाटतो. आमच्या नातवाला तो भाग सर्वांत आवडायचा, आणि कारण उघड आहे: पुढे काय येणार ते पंचवीस वेळा नक्की माहीत असतं! 'लीन ऑन मी' या १९७२ च्या गाण्यात पियानोचे स्वर शेजारच्या पायरीवरून शेजारच्या पायरीवर जातात, उडी नाही. फक्त मध्ये टाळ्या आहेत. टाळ्या चालत नसतील तर ते वगळा. 'लव्हली डे' मध्ये शेवटी तो एक स्वर अठरा सेकंद धरतो. कुणाला तो तंबोऱ्यासारखा निववतो, कुणाचा जीव घुसमटतो. विचारून घ्यावं.

कर्टिस मेफील्ड हा आमचा आवडता. 'पीपल गेट रेडी', १९६५. तीन आवाज एकमेकांच्या कुशीत बसलेले, कुणी कुणाच्या अंगावर जात नाही. रोबर्टा फ्लॅकचं 'द फर्स्ट टाइम एव्हर आय सॉ युअर फेस' हे १९६९ चं, गाजलं मात्र १९७२ मध्ये, चित्रपटात वापरल्यानंतर. पाच मिनिटांहून जास्त, अतिविलंबित. त्यातल्या मोकळ्या जागा फार सुंदर आहेत. पण एका विद्यार्थिनीने आम्हाला सांगितलं होतं, 'सर, त्या शांततेत मी पुढच्या आवाजाची भीती बाळगून बसते.' तेव्हापासून आम्ही ते गाणं सरसकट सुचवत नाही.

तयार याद्यांबद्दल थोडं. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाच्या डब्ल्यूएचयूआर रेडिओवर १९७६ मध्ये मेल्विन लिंडसी या तरुणाने रात्रीचा संथ सोलचा कार्यक्रम सुरू केला. स्मोकी रॉबिन्सनच्या गाण्यावरून त्याचं नाव पडलं 'क्वाएट स्टॉर्म', शांत वादळ. पुढे हा प्रकार अमेरिकाभर पसरला आणि आजही त्या नावाने याद्या मिळतात. सुरुवात करायला त्या ठीक आहेत. ऐंशीच्या दशकातल्या गाण्यांत मात्र कीबोर्डची काचेसारखी किणकिण फार. आमच्या म्हाताऱ्या कानांना ती सोसत नाही. शिवाय यादी केली असते निरोगी कानाच्या माणसाने, रात्रीच्या मूडसाठी. 'रिलॅक्सिंग' हा शब्द त्या माणसाविषयी सांगतो, तुमच्या मुलीविषयी नाही.

आणखी काही गोष्टी व्यवहारातल्या. मैफलीतली ध्वनिमुद्रणं टाळावीत. डॉनी हॅथवेची १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेली मैफल अप्रतिम आहे, पण त्यात सगळा श्रोतृवर्ग गातो, टाळ्यांचा कडकडाट होतो. फुकटच्या अ‍ॅपवर दोन गाण्यांच्या मध्ये जाहिरात किंचाळते. पैसे भरणं परवडत नसेल तर गाणी उतरवून किंवा सीडीवरून ऐकवावीत. 'शफल' आणि आपोआप पुढचं गाणं लावणारी सोय बंद ठेवावी. एकच गाणं चाळीस वेळा लावलं तर घरच्यांनी कंटाळा दाखवू नये. आणि प्रत्येक गाणं आधी आपण शेवटापर्यंत ऐकावं, कागदावर लिहावं: कितव्या मिनिटाला काय येतं. आम्ही त्यानंतर हेच केलं. ते कागद नातवाला वाचून दाखवतो. येणार आहे हे कळलं की मोठा ट्रंपेटही कधी कधी त्याला चालतो.

हे उपचार नव्हेत, हे स्पष्ट सांगतो. आवाजाने खरंच दुखत असेल तर ऑडिओलॉजिस्टकडे जावं. सतत कान झाकून ठेवण्याचीही सवय लावू नये, पूर्ण शांततेत राहिल्याने संवेदनशीलता वाढू शकते असं ते लोक बजावतात. किती झाकायचं, किती उघडं ठेवायचं, हे त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावं.

बाईंना आम्ही कळवलं ते थोडक्यात हेच, आणि शेवटी एक विनंती केली की बंद करायचं बटण मुलीच्या हातात द्या. आमच्या घरी ते आता नातवाकडे असतं. ओटिस रेडिंगला आम्ही कायमचं हद्दपार केलं होतं, पण मध्यंतरी घाबरत घाबरत 'डॉक ऑफ द बे' लावून पाहिलं. डिसेंबर १९६७ मध्ये विमान अपघातात तो गेला, त्याच्या थोडे दिवस आधी मुद्रित केलेलं गाणं. लाटांचे आणि समुद्रपक्ष्यांचे आवाज त्याच्या माघारी जोडले. कागदावर आम्ही लिहिलं होतं: लाटा, पक्षी, गाणं, शेवटी शिट्टी. पोराने ऐकून घेतलं. लाटा चालल्या, पक्षी चालले, रेडिंगही चालला. शिट्टी यायच्या जरा आधी त्याने बटण दाबलं आणि म्हणाला, 'आजोबा, परत.' तसं ते आम्ही आता रोज ऐकतो, शिट्टीशिवाय.